१९७७ च्या लँड क्रूझरला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा आहे: कोणता निवडावा?

डोंगरकडा

नमस्कार. माझ्याकडे १९७७ सालची टोयोटा लँड क्रूझर, म्हणजे एफजे४०, आहे. इंजिन मूळचे, सहा सिलिंडरचे ४.२ लिटरचे २एफ. गिअरबॉक्स मूळचा चार गिअरचा एच४२. टायर ३३ इंची. मी डेन्व्हरजवळ राहतो आणि दर उन्हाळ्यात ही गाडी घेऊन कोलोरॅडोच्या नैर्ऋत्येकडील सॅन हुआन पर्वतातल्या जुन्या खाणींच्या वाटांवर जातो. गेल्या हिवाळ्यात माझ्या डाव्या गुडघ्याचा सांधा बदलावा लागला. सपाट रस्त्यावर क्लच दाबता येतो, पण दगडांच्या चढावर अर्धा क्लच धरून गाडी सरकवणे आता जमत नाही. दोन तासांत गुडघा सुजतो. गाडी विकण्याचा विचार मनात नाही. बावीस वर्षे ती घरात आहे आणि माझ्या मुलीला मी हिच्यावरच गाडी चालवायला शिकवले.

म्हणून ऑटोमॅटिक बसवायचे ठरवले आहे. इंजिन मात्र तेच ठेवायचे आहे. अमेरिकेत विकलेल्या एफजे४० ला कंपनीने ऑटोमॅटिक कधीच दिला नाही, त्यामुळे कंपनीचा तयार नमुना डोळ्यांसमोर नाही. माझ्या यादीत तीन नावे आहेत: जनरल मोटर्सचा तीन गिअरचा टीएच३५०, त्यांचाच चार गिअरचा ७००आर४, आणि १९८८ ते १९९० च्या एफजे६२ मध्ये आलेला टोयोटाचा ए४४०एफ. मन ७००आर४ कडे झुकते आहे, कारण त्याचा पहिला गिअर बराच खालचा आहे आणि चौथा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा, आहे. ज्यांनी असे काम स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तेलकट हात

डोंगरकडा, गुडघ्याला आराम पडो.

माझ्या १९७८ च्या एफजे४० मध्ये शेव्हरोलेचे आठ सिलिंडरचे ३५० व्ही८ आणि ७००आर४ आहे, म्हणून त्याबद्दल अनुभवाने लिहितो. गिअरबॉक्स चांगला आहे. पहिला गिअर ३.०६ (म्हणजे इंजिनाच्या ३.०६ फेऱ्यांना बाहेरच्या शाफ्टचा एक फेरा), दुसरा १.६३, तिसरा सरळ, म्हणजे एकास एक, आणि चौथा ०.७०. १९८२ साली तो आला. सुरुवातीच्या वर्षांतले नग नाजूक होते, म्हणून १९८७ नंतरचा घ्यावा असे जाणकार सांगतात आणि ते बरोबर आहे.

पण या गिअरबॉक्सचा जीव एका केबलमध्ये आहे. कार्बोरेटरच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल जाते ती नुसती किकडाउनची, म्हणजे पाय दाबताच खालचा गिअर पाडणारी, केबल नव्हे. आतल्या तेलाचा दाब तीच ठरवते. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) पूर्ण उघडला की केबल पूर्ण ओढली गेली पाहिजे, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर ती योग्य प्रमाणात ओढली गेली पाहिजे. हे प्रमाण जनरल मोटर्सच्या कार्बोरेटरच्या लिव्हरवर बेतलेले आहे. दुसऱ्या कार्बोरेटरच्या लिव्हरची त्रिज्या वेगळी असते आणि तेथेच घात होतो.

माझे काम एका दुकानातून करून घेतले होते. त्यांनी केबल जोडली, गाडी फिरवून पाहिली, गिअर वेळेवर पडत होते, आणि गाडी माझ्या ताब्यात दिली. तीनशे मैलांच्या आत एका लांब चढावर तिसरा गिअर सुटू लागला. घरी येऊन तेल मोजायची काडी ओढली आणि तेल पांढऱ्या फडक्यावर टिपले. डाळिंबाच्या रसासारखे लाल असायला हवे ते तेल काढ्यासारखे तपकिरी झाले होते, त्यात काजळीसारखे बारीक कण होते आणि त्याचा जळका वास दुसऱ्या दिवशीपर्यंत बोटांना येत राहिला. उघडल्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लच प्लेटा कोळशासारख्या निघाल्या. केबल अर्ध्या थ्रॉटलला जितकी ओढली जायला हवी होती त्याहून कमी ओढली जात होती. दाब कमी पडत होता, प्लेटा घसरत होत्या, आणि बाहेरून ते कळत नव्हते. दुरुस्तीनंतर मी स्वतः दाबाचे मीटर लावून केबल बसवली. तेव्हापासून आठ वर्षे तक्रार नाही.

तुमच्या २एफ वर टोयोटाचा मूळ कार्बोरेटर असेल तर लिव्हर खास घडवून घ्यावा लागेल. ते अशक्य नाही, पण त्यात कसूर चालत नाही.

पठारवासी

मी यंत्र अभियंता आहे आणि अशा चार-पाच कामांत मदत केली आहे. गिअरबॉक्सच्या नावापासून सुरुवात करू नका. गाडीखाली झोपून मोजमापापासून सुरुवात करा, एवढी विनंती करतो.

एफजे४० च्या दोन्ही ॲक्सलमधले अंतर ९० इंच, म्हणजे २२८५ मिलिमीटर आहे. एफजे६२ चे तेच अंतर २७३० मिलिमीटर आहे. हा साडेसतरा इंचांचा फरक तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. ए४४०एफ तुमच्या इंजिनाला बसवणे तिघांत सर्वांत सोपे, कारण २एफ आणि एफजे६२ चे ३एफ-ई ही एकाच घराण्यातली इंजिने आहेत. त्याला चालायला संगणकही लागत नाही. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी गिअरची पेटी, लँड क्रूझरच्याच पद्धतीचा, शाफ्ट उजव्या अंगाने जाणारा. पण तो गिअरबॉक्स लांब गाडीसाठी केला आहे. तुमच्या गाडीत तो ट्रान्सफर केसला इतका मागे ढकलील की मागच्या प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याला, पुरेशी जागा उरणार नाही.

आता जनरल मोटर्सचे दोन. टीएच३५० चे घर सुमारे पावणेबावीस इंच लांब, ७००आर४ चे सुमारे साडेतेवीस. हा पावणेदोन इंचांचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पण दोन्हींना तुमच्या इंजिनाच्या बाजूने एक अडॅप्टर लागेल, ट्रान्सफर केसच्या बाजूने दुसरा लागेल, आणि हे सर्व मिळून शाफ्टमधूनच वजा होईल. समजा ट्रान्सफर केसचे टोक आणि डिफरन्शियलचे (ॲक्सलमधल्या, चाकांना ताकद देणाऱ्या गिअरपेटीचे) टोक यांच्यात उभे अंतर ८ इंच आहे. शाफ्ट ३० इंचांचा असेल तर त्याचा कोन साडेपंधरा अंश येतो. तोच शाफ्ट २२ इंचांचा झाला तर कोन एकवीस अंशांच्या पुढे जातो, आणि हे गाडी सपाट जागी उभी असताना. एखादे चाक खड्ड्यात लोंबले की कोन आणखी वाढतो. एवढ्या कोनात साधा क्रॉस जॉइंट थरथरतो आणि लवकर मरतो. मग वरच्या टोकाला दुहेरी जॉइंट घालावा लागतो आणि डिफरन्शियलचे नाक त्याच्याकडे वळवावे लागते.

व्ही८ बसवणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, कारण व्ही८ लांबीला आखूड असते आणि गिअरबॉक्स पुढे सरकवता येतो. तुमचे सहा सिलिंडर एका रांगेत आहेत आणि इंजिन पंख्यासह रेडिएटरपर्यंत भिडलेले आहे. ते पुढे सरकणार नाही. तेलकट हात यांच्या गाडीचे गणित म्हणूनच तुमच्या गाडीला जसेच्या तसे लागू पडत नाही.

निळी जीप

काका, एक वेगळी बाजू मांडतो, राग मानू नये. चढावर अर्धा क्लच धरावा लागतो याचे कारण पहिला गिअर पुरेसा खाली नाही हे आहे. अमेरिकेबाहेर याच लँड क्रूझरना एच४१ गिअरबॉक्स मिळत असे, त्याचा पहिला गिअर ४.९ च्या आसपास आहे. तो तुमच्या एच४२ च्या जागी बसतो, शाफ्टला हात लावावा लागत नाही, गाडीचे मूळपण टिकते. लो रेंजमध्ये, म्हणजे ट्रान्सफर केसच्या खालच्या गिअरमध्ये, पहिला टाकून क्लच सोडला की गाडी मुंगीच्या पावलांनी चढेल.

हे सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. उतारावर मॅन्युअलइतका विश्वास मला ऑटोमॅटिकचा वाटत नाही.

डोंगरकडा

राग कसला? हा पर्याय मी मनापासून तपासला आहे. फिजिओथेरपिस्टशी बोललो तेव्हा त्यांनी विचारले की दिवसभरात क्लच किती वेळा दाबता. एका सहलीत मुलीला मोजायला बसवले: सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत चारशे अकरा वेळा. एच४१ ने हा आकडा निम्मा होईल, शून्य होणार नाही. शिवाय वाटेत अडकलो आणि गुडघ्याने साथ सोडली तर पत्नीला गाडी खाली आणता आली पाहिजे. तिने आयुष्यात क्लचची गाडी चालवलेली नाही. त्यामुळे ऑटोमॅटिक हवाच.

उताराचा मुद्दा मात्र मलाही सतावतो. त्याबद्दल अधिक वाचायला आवडेल.

पठारवासी

उताराचे गणित मांडतो. लो रेंजमध्ये, पहिल्या गिअरला, सध्या तुमचे एकूण प्रमाण असे आहे: गिअरबॉक्सचे ३.५५, ट्रान्सफर केसचे १.९६, डिफरन्शियलचे ४.११, गुणाकार २८.६. ७००आर४ ने तो २४.६ होईल आणि टीएच३५० ने २०.३. चढताना याची भरपाई क्लचच्या जागी असणारा, तेलातून ताकद पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर करतो, कारण चाके अडलेली असताना तो इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ दुपटीपर्यंत वाढवून देतो. उतरताना तो असे काहीच करीत नाही. उतरताना तुमच्या हाती केवळ हे आकडे उरतात. टीएच३५० घेतला आणि दुसरे काही बदलले नाही, तर इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना गाडी आतापेक्षा चाळीस टक्के अधिक वेगाने उतरेल, आणि कन्व्हर्टर थोडा घसरतो म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही किंचित अधिक. निळी जीप यांची भीती रास्त आहे.

यावर उपाय गिअरबॉक्समध्ये शोधू नये, ट्रान्सफर केसमध्ये शोधावा. तिथे ३ च्या आसपासचा खालचा गिअर बसवला तर टीएच३५० सहसुद्धा गुणाकार ३१ होतो, म्हणजे आजच्या मूळ गाडीपेक्षा चांगला. लांबी एक इंचानेही वाढत नाही.

तेलकट हात

मान्य. पण मग हायवेचे काय? ७००आर४ मुळे मी ताशी ६५ मैलांवर शांतपणे जातो. तीन गिअरच्या गाडीत तो आवाज सहन करावा लागेल.

पठारवासी

६५ मैलांना, ३३ इंची टायर आणि ४.११ डिफरन्शियलवर, सरळ गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २७०० फेरे घेते. एच४२ चा चौथा गिअरही सरळच आहे, म्हणजे डोंगरकडा इतकी वर्षे याच फेऱ्यांवर गाडी चालवीत आले आहेत. टीएच३५० ने त्यात कन्व्हर्टरच्या घसरणीपुरती थोडी भर पडेल, एवढेच. ओव्हरड्राइव्हमध्ये हा आकडा १९०० वर येईल हे खरे. पण तेव्हा इंजिनाला ओढता आले पाहिजे.

येथे उंचीचा विचार करावाच लागतो. डेन्व्हरच मुळात ५२८० फुटांवर आहे. पश्चिमेकडे निघालात की आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर. कार्बोरेटरचे इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावते. म्हणजे बोगद्यापाशी तुमच्या मूळच्या १३५ अश्वशक्तीपैकी तिसरा हिस्सा हवेतच गेलेला असतो. त्या चढावर २एफ ओव्हरड्राइव्ह ओढणार नाही. गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्यात सतत येरझारा घालील आणि प्रत्येक येरझारेला तेल तापेल. व्ही८ ला चौथा गिअर शोभतो. २एफ ला या डोंगरात तो केवळ घराकडे परतताना उपयोगी पडेल, आणि त्यासाठी शाफ्टचे पावणेदोन इंच आणि ती नाजूक केबल स्वीकारावी असे मला वाटत नाही.

वाफ

मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्तीच्याच व्यवसायात आहे, डेन्व्हरला नाही, पण उंचावरच्या गावी. वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती ७००आर४ च्या बाजूची आहे, म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. केबल उंची ओळखत नाही. डेन्व्हरला बसवलेली केबल १३,११४ फुटांवरच्या इमोजीन खिंडीतही तशीच वागते. टीएच३५० मध्ये मात्र दाब व्हॅक्यूम मॉड्युलेटर ठरवतो. इंजिनाच्या मॅनिफोल्डमधला (हवा आत नेणाऱ्या नळ्यांतला) व्हॅक्यूम कमी झाला की त्याला वाटते ओझे वाढले, आणि तो दाब वाढवतो. उंचावर हवाच विरळ असल्याने व्हॅक्यूम दर हजार फुटांमागे साधारण पाऱ्याच्या एक इंचाने उतरतो. परिणामी इंजिनावर ओझे नसतानाही गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतात. गिऱ्हाईक म्हणते गिअरबॉक्स बिघडला. बिघडलेले काहीच नसते.

यासाठी उंचीची भरपाई करणारा मॉड्युलेटर मिळतो. त्याच्या आत हवाबंद घडीची डबी असते, ती बाहेरच्या हवेच्या दाबाप्रमाणे फुगते-आकसते. तुमच्याकडे तोच लावा, साधा नको.

दुसरे गव्हर्नर, म्हणजे गाडीच्या वेगावरून गिअर बदलायची वेळ ठरवणारा भाग. टीएच३५० व्ही८ साठी जुळवलेला असतो. पाय पूर्ण दाबला तर तो साडेचार हजारांच्या आसपास गिअर बदलतो. तुमच्या २एफ ची ताकद ३६०० ला संपते. त्यापुढे इंजिन नुसते ओरडेल. गव्हर्नर घराच्या अंगाला, छोट्या गोल झाकणाखाली असतो. गिअरबॉक्स न उतरवता काढता येतो. त्याची वजने जड केली की गिअर लवकर पडतात. दोन-तीनदा काढघाल करावी लागेल, तयारी ठेवा. कन्व्हर्टर कमी स्टॉलचा घ्या, म्हणजे चाके अडलेली असताना इंजिन ज्या फेऱ्यांपर्यंत चढते तो आकडा पंधराशेच्या आसपास. २एफ चा पूर्ण टॉर्क १८०० फेऱ्यांना मिळतो. चढ्या स्टॉलच्या कन्व्हर्टरने ती जमेची बाजू वाया जाते आणि उष्णता तेवढी वाढते.

आणि कूलर. मॅन्युअल गाडीच्या रेडिएटरमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाची सोय नसते, म्हणून पंख्यासह वेगळा कूलर लावावा लागेल. विरळ हवा उष्णताही कमी वाहून नेते, त्यामुळे कूलर एक माप मोठा घ्या. तेलाच्या तापमानाचे मीटर चालकाच्या नजरेसमोर हवे. दगडांवर नेहमी लो रेंज टाका. हाय रेंजमध्ये ढकलत राहिलात तर तेल मिनिटांत तापते.

एक धोक्याची सूचना, ही पत्नीलाही सांगून ठेवा. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असेल तर गिअरबॉक्स ‘पी’ मध्ये टाकूनही गाडी थांबत नाही. चाके आणि गिअरबॉक्स यांच्यातला दुवाच तुटलेला असतो. हँडब्रेक ओढल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये.

दख्खनी

पुण्याहून लिहितो. माझी महिंद्रा एमएम५४० आहे, प्यूजो डिझेलची. भावाने नवी ऑटोमॅटिक थार घेतल्यापासून मलाही हा मोह होतो आहे. टीएच३५० मला चालेल का? की थारचाच गिअरबॉक्स बसवता येईल?

वाफ

दख्खनी, डिझेल इंजिनात थ्रॉटल नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही आणि मॉड्युलेटरला ओझे कळायला मार्ग राहत नाही. त्यासाठी व्हॅक्यूम पंप आणि डिझेल पंपाच्या लिव्हरला जोडलेला नियंत्रक व्हॉल्व्ह लागतो. तो नीट जुळवणे हे मुख्य काम आहे. दोन लिटरच्या त्या डिझेलची बरीच ताकद कन्व्हर्टरच खाऊन टाकील हेही लक्षात घ्या. थारचा सहा गिअरचा गिअरबॉक्स इंजिनाच्या संगणकाशी सतत बोलत असतो. जुन्या इंजिनाशी त्याला बोलता येणार नाही. आणि भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील फेरफारांबाबत कडक आहे, म्हणून खर्च करण्याआधी आरटीओला लेखी विचारा.

डोंगरकडा

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी गाडी चार स्टँडवर चढवली आणि पठारवासी यांनी सांगितल्याप्रमाणे मोजमाप घेतले. इंजिनाच्या मागच्या तोंडापासून ओळंबा सोडला, डिफरन्शियलच्या फ्लँजपासून दुसरा सोडला, आणि फरशीवर खडूने खुणा केल्या. मग टीएच३५० आणि ७००आर४ यांच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या पेट्या करून, दोन्ही अडॅप्टरची जाडी धरून, त्या खुणांवर ठेवून पाहिल्या. मुलगी टॉर्च धरून होती. टीएच३५० ची पेटी ठेवल्यावर उरलेल्या जागेत दुहेरी जॉइंटचा शाफ्ट जेमतेम बसतो. ७००आर४ ची पेटी ठेवल्यावर, मागचे चाक लोंबलेल्या स्थितीत, जॉइंटचा कान क्रॉसमेंबरला, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीला, घासतो. तिथे क्रॉसमेंबर कापावा लागेल, आणि चासीला करवत लावायची नाही असे मी पहिल्या दिवसापासून ठरवले होते.

तेव्हा टीएच३५० घेतो आहे. त्यासोबत उंचीची भरपाई करणारा मॉड्युलेटर, कमी स्टॉलचा कन्व्हर्टर, ट्रान्सफर केसमध्ये खालचे गिअर, पंख्यासह कूलर आणि मीटर. तेलकट हात, तुमचे फडक्यावरचे तेल वाचले नसते तर मी केबल दुकानावर सोपवून मोकळा झालो असतो.

एक प्रश्न उरला आहे. वाफ, उतारावर दगडांवरून जाताना डावा पाय ब्रेकवर ठेवून उजव्याने थ्रॉटल सांभाळायची पद्धत अनेकजण सांगतात. माझा डावा गुडघा तासन्‌तास ब्रेकवर तरंगत ठेवणेही अवघड आहे.

वाफ

मग डावा पाय वापरूच नका. ट्रान्सफर केसमध्ये तो खालचा गिअर असेल तर उतारावर थ्रॉटलला पाय लावायची गरज पडत नाही. उजवा पाय ब्रेकवर राहू द्या. डाव्या पायाची गरज लागते ती चढावर, दगडाच्या माथ्यावर चाक चढून पलीकडे धपकन पडू नये म्हणून. तेवढ्या क्षणापुरता हँडब्रेक वापरता येतो. तुमच्या वर्षाच्या गाडीत त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवरच असतो, त्यामुळे त्याची पकड डिफरन्शियलच्या ४.११ पटीने चाकांपर्यंत पोहोचते. त्याचे लायनर नवे घाला. आणि नवा अडॅप्टर बसवताना तो ड्रम जागचा हलणार नाही ना, हे ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.

डोंगरकडा

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. आज संध्याकाळी पुन्हा खाली शिरून ड्रमभोवतीची जागा मोजतो आणि आकडे येथे टाकतो.